७२ तपासण्या आणि माझी मापाची वही

तीन स्टार देणार होते, मग दोनवर आणले. एक रक्त घ्यायला आलेल्या पोराचा आणि एक रक्ताचे आकडे खरे निघाले त्याचा. घरी येऊन फुल बॉडी चेकअप करणारी ही कंपनी कुठली ते लिहीत नाही. नाव लिहिलं की त्यांचे फोन येतील, आणि त्यांचे फोन मी भरपूर घेऊन झालेत.

मी बडोद्याला दांडिया बाजारात राहते. घरीच शिवणकाम करते, ३४ वर्षं झाली. ब्लाउज जास्त, सणासुदीला सदरे-लेंगे. गळ्यात टेप आणि कपाळावर चष्मा, अशीच मी गल्लीत सगळ्यांना माहीत. टेपचं मुद्दाम सांगते, पुढे लागणार आहे.

पॅकेज घेतलं यंदा मार्चमध्ये. ह्यांना भूक लागेनाशी झाली होती. दुपारभर झोपायचे आणि रात्री दीडला उठून टीव्ही लावून बसायचे, आवाज बंद करून. त्यातच बँकेतून एक चेक परत आला, सही जुळत नाही म्हणून. ह्यांची सही लांब शेपटीची, कारखान्यात लोक तिची नक्कल करायला बघायचे आणि नाद सोडायचे. मला वाटलं वय झालं, त्रेसष्ट. तेवढ्यात मोबाइलवर जाहिरात दिसली : ७२ तपासण्या १,४९९ रुपयांत, जोडीनं केल्या तर २,५९९. जोडीनं केल्या.

पोरगा खरंच चांगला. सातची वेळ दिली होती, सहा पन्नासला जिन्यात उभा. चपला बाहेर काढल्या, हात धुतले, सुईचं पाकीट आमच्यासमोर फोडलं. ह्यांची शीर पहिल्यांदा मिळाली नाही, दुसऱ्यांदा टोचावं लागलं, तर स्वतःहून सॉरी म्हणाला. मग मोबाइलवर फॉर्म भरायला बसला. शुगर आहे का, बीपी आहे का, सगळं विचारलं. दारूच्या रकान्याशी आला आणि न विचारताच 'ना'वर बोट टेकवून पुढे गेला. मी म्हटलं, "अरे, विचार तरी." तर हसून म्हणाला, "काकी, गुजरातमां बधा ना ज लखावे छे." म्हणजे गुजरातमध्ये सगळे 'ना'च लिहायला लावतात.

हे गप्प. मीही गप्प. तेव्हा पुढचं सगळं वाचताना ही आमची चूकही हिशेबात धरा.

बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडं सांगते. १९६० साली राज्य झालं तेव्हापासून आमच्याकडे दारूबंदी आहे. चाळिशीनंतर तब्येतीच्या कारणावर परमिट मिळतं. तब्येतीसाठी दारू, हा विनोद मी केलेला नाही. परमिट नसलेल्यांची सोय फोनवर होते, बाटली कुणाच्या तरी स्कूटरच्या डिकीतून येते, हौशी लोक लग्नं दमणला करतात, तिथे बंदी नाही, आणि बोलताना ह्या सगळ्याला 'छांटो-पाणी' म्हणतात. छांटो म्हणजे शिंतोडा. ह्यांचा शिंतोडा अठरा-वीस वर्षं रोज एक क्वार्टर होता. गणपतीचे दहा दिवस नाही. त्या दहा दिवसांत हात इतके थरथरायचे की आरतीचं तबक मीच धरायची. पण कधी पडले नाहीत, कधी आवाज चढवला नाही, एक शिफ्ट चुकवली नाही. त्यामुळे घरात कुणी त्याला दारू पिणं म्हणतच नव्हतं.

रिपोर्ट त्याच दिवशी संध्याकाळी ७:४० ला व्हॉट्सॲपवर आला. १९ पानं, त्यातली चार जाहिरातीची. हिरवे, पिवळे, लाल गोल. माझे बहुतेक हिरवे, व्हिटॅमिन डी तेवढं लाल, बडोद्याच्या उन्हात आयुष्य काढून! ह्यांचे सात-आठ पिवळे-लाल आणि प्रत्येकाखाली तेच वाक्य : आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या. पॅकेजमध्ये डॉक्टरांशी फोनवर मोफत बोलणं होतं. दुसऱ्या दिवशी फोन आला. मी घड्याळ लावलं होतं, चार मिनिटं. "अंकल, फॅटी लिव्हर वाटतंय. अंडं, मांस, तळलेलं बंद. वजन कमी करा. तीन महिन्यांनी आमचं लिव्हरचं प्रीमियम पॅकेज करून घ्या, त्यात फायब्रोस्कॅन पण आहे." फायब्रोस्कॅन म्हणजे लिव्हर किती कडक झालंय ते मोजायची तपासणी. प्लेटलेट ९२ हजार होत्या, त्यावर विचारलं, "मागे डेंग्यू झालेला का?" नाही म्हटलं. "बरं, पपई खा."

मग पाच आठवडे मी ह्यांना उकडलेल्या भाज्या आणि मुगाचं पाणी दिलं आणि कमाटी बागेत फेऱ्या मारायला लावल्या. सुई टोचलेली जागा मात्र बरी होईना. पहिल्या दिवशी रुपयाएवढा डाग होता, तो वांग्याच्या रंगाचा होऊन मनगटाकडे उतरत गेला. पंधरा दिवस राहिला. मी पोराला दोष दिला. तो पोराचा नव्हता.

एप्रिलच्या शेवटी भाच्याच्या मुलाची मुंज होती. ह्यांना नवा सदरा-लेंगा शिवायचा म्हणून माप घेतलं. गिऱ्हाइकांसारखीच घरच्यांचीही मापं मी वहीत लिहून ठेवते, दिवाळीच्या दिवाळीला, इंचांत, ॥ म्हणजे अर्धा. २०१९ : पोट ३८, दंड १३. २०२२ : पोट ३९॥, दंड १२. २०२४ : पोट ४१, दंड ११॥. आणि आता पोट ४४, दंड १०॥.

फोनवरचा डॉक्टर म्हणाला होता वजन कमी करा. त्यानं माणूस बघितला नव्हता, मी तर रोज बघत होते आणि तरी वहीतले आकडे एकाखाली एक येईपर्यंत मला दिसलं नाही. जाड होणारा माणूस सगळीकडून जाड होतो. दंड भरतो, मान भरते, बाहीची शिवण सोडावी लागते. हे मध्ये फुगत होते आणि कडेनं आटत होते. खांदा आत घ्यायचा, बाही बारीक करायची आणि पोटाला कळी घालायची, असलं माप मी पुरुषाचं कधी कापलेलं नाही. दिवस गेलेल्या बाईचं असतं तसं. कात्री खाली ठेवली, वही पिशवीत घातली आणि दुसऱ्या दिवशी ह्यांना घेऊन रावपुऱ्यातल्या जुन्या डॉक्टरांकडे गेले.

त्यांना चार स्टार. एक कापला तो जिन्याचा. पहिल्या मजल्यावर दवाखाना, बावीस पायऱ्या, कठडा हलतो, आणि येणारे निम्मे लोक सुजलेल्या पायांचे. फोनवर नंबर लागत नाही, पावणेदोन तास बसलो, पंखा एकच. फी ४०० रुपये, रोख.

आत गेल्यावर मी १९ पानं पुढे केली. ती त्यांनी टेबलाच्या कडेला सरकवली आणि ह्यांना खिडकीजवळच्या स्टुलावर बसवलं. ट्यूबलाइटमध्ये कावीळ लपते म्हणे, उजेड दिवसाचा लागतो. खालची पापणी ओढून मलाही दाखवलं. डोळ्याचा पांढरा भाग ताज्या लोण्याच्या रंगाचा होता. रोज समोर बसून जेवणारा माणूस, पण आमचं स्वयंपाकघर अंधारं.

मग हात. अंगठ्याखालचा उंचवटा आणि करंगळीखालची कड लालभडक, मधला तळवा फिका. नखं पांढरट, टोकाशी तेवढी गुलाबी पट्टी. टेबलावर तळहात सपाट टेकवायला सांगितलं, तर उजव्या हाताची अनामिका टेकेना, आत ओढलेली. हे म्हणाले ती कारखान्यात हातोडी धरून झालीय. डॉक्टर म्हणाले असेलही, तिला एकटीला मी मोजत नाही.

सदरा काढला, बनियन काढायला हे तयार होईनात. दोन वर्षं घरातही बनियन काढत नव्हते आणि गरम होतं म्हणून मला सदरे ढगळ शिवायला लावत होते. छाती बायकांसारखी सुटली होती, ते लपवायचं होतं. आणि गळ्याखाली लाल ठिपके, ज्यांना मी दोन उन्हाळे घामोळं समजून पावडर लावत होते. डॉक्टरांनी बंद पेनाचं टोक एका ठिपक्याच्या बरोबर मध्यावर दाबलं. आजूबाजूच्या बारीक लाल रेषा गायब. पेन उचललं, तर मधल्या टिंबातून रक्त बाहेर पळालं आणि रेषा परत भरल्या, कोळ्यानं आखडलेले पाय पसरावेत तशा. त्यांनी पेन माझ्या हातात दिलं. मी दाबलं, सोडलं, परत दाबलं. घामोळं असं करत नाही. ह्याला कोळ्याचंच नाव आहे म्हणाले, आणि ते असतात बहुतेक चेहऱ्यावर, गळ्यावर, छातीवर, हातांवर, कमरेच्या खाली सहसा नाहीत. एखाददुसरा कुणालाही असतो, गरोदरपणी बायकांना येतात आणि जातात. ह्यांचे मोजले तर नऊ. पुरुषाच्या अंगातही स्त्रीचं हार्मोन थोडं असतं, त्याची विल्हेवाट लिव्हर लावतं, लिव्हर थकलं की ते साठतं, आणि लाल तळवे, कोळी, छाती ही त्याच घरची मंडळी, असं त्यांनी समजावलं.

नंतर पोट. एक बोट पोटावर ठेवून दुसऱ्यानं टिचक्या मारत कडेकडे गेले. मध्ये ढोलकीसारखा आवाज, कडेला भिंतीसारखा. ह्यांना कुशीवर वळवलं, थोडं थांबले, परत त्याच जागी टिचकी. जिथे भिंत होती तिथे ढोलकी वाजली.

"चरबी कूस बदलल्यावर जागा सोडत नाही," डॉक्टर म्हणाले, "पाणी सोडतं."

माझे चव्वेचाळीस इंच ते हे. नडगीवर अंगठा दाबून धरला आणि काढला, तर मळलेल्या कणकेत राहतो तसा खड्डा तसाच राहिला.

शेवटी दोन्ही हात पुढे पसरून मनगटं वर करायला लावली, पोलीस गाड्या थांबवतो तशी, डोळे मिटून. पहिले चार-पाच सेकंद काही नाही. मग पंजे एकदम खाली गळाले आणि झटक्यात परत वर आले. थोड्या वेळानं परत. मी म्हटलं, हात तर ह्यांचे गणपतीतही थरथरतात. त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. ती थरथर कशी असते, विचारलं. बारीक, सारखी, मी सांगितलं, तबकातल्या वाटीचा आवाज येतो अशी. ती दारू तुटल्याची, म्हणाले. ही निराळी, पाखरानं पंख झटकल्यासारखी, लिव्हरनं गाळायचं ते न गाळता डोक्यापर्यंत पोचल्याची. मग त्यांनी झोपेचं विचारलं, रात्र-दिवस उलटे झालेत का. मला एकदम चेक आठवला. सांगितला. त्यांनी ती सही बघायला मागितली.

एवढं झाल्यावर हळूच प्रश्न आला, "किती घेता?"

"कधीतरी," हे म्हणाले.

"मी पोलीस नाही हो."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. चाळीस वर्षांच्या संसारात माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. मी म्हटलं, "रोज क्वार्टर." डॉक्टरांनी माझ्याच वहीच्या मागच्या पानावर हिशेब केला : १८० मिली, बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं, म्हणजे रोजचा साधारण ६० ग्रॅम निव्वळ अल्कोहोल. पुढे वीस वर्षं असं लिहून खाली रेघ मारली, गुणाकार केला नाही.

रिपोर्ट त्यांनी सगळ्यात शेवटी उघडला, आणि तिथे मला कंपनीचा एक स्टार परत द्यावा लागला. लिव्हरच्या तपासणीतले दोन आकडे : एसजीओटी ९६, एसजीपीटी ४४. फोनवरच्या डॉक्टरला दोन्ही 'थोडे वाढलेले' दिसले. रावपुऱ्याच्या डॉक्टरांनी दाखवलं की पहिलं दुसऱ्याच्या दुपटीहून जास्त आहे, आणि दारूच्या लिव्हरला ही खोड असते. शंभराच्या आत आहेत म्हणून निश्चिंत व्हायचं नाही, जळून गेलेल्या लाकडाला धूर कमीच येतो. तांबड्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या. अल्ब्युमिन २.८ वर उतरलेलं, जे लिव्हरच बनवतं आणि ज्याच्याशिवाय पाणी रक्तात टिकत नाही, पोटात नि पायात उतरतं. आणि त्या ९२ हजार प्लेटलेट. लिव्हर कडक झालं की पोटातलं रक्त पुढे सरकत नाही, मागे तुंबतं, प्लीहा सुजते आणि प्लेटलेट अडकवून ठेवते. रक्त गोठवणारे पदार्थही लिव्हरच करतं, म्हणून तो वांग्याच्या रंगाचा डाग. सगळं त्या १९ पानांत होतं, सुटं सुटं, गोलांमध्ये. लॅब चांगली आहे, डॉक्टर म्हणाले, परत रक्त काढायची गरज नाही.

प्रीमियम पॅकेजचंही विचारलं. पोटात एवढं पाणी असताना फायब्रोस्कॅनचं माप भरवशाचं नसतं, ते पैसे अंड्यांना ठेवा, म्हणाले. सोनोग्राफीत कळलं ते कळलं : लिव्हर आक्रसलेलं, कडा खडबडीत, प्लीहा १५ सेंटीमीटर, पाणी. सिरोसिस. एंडोस्कोपीत अन्ननलिकेतल्या शिरा फुगलेल्या सापडल्या, त्यांना रबरबँड लावले.

उपचाराचं पाल्हाळ लावत नाही, ते ज्याचं त्याच्या डॉक्टरांनी सांगायचं. दोन-तीन गोष्टी मात्र मला कुणी आधी सांगायला हव्या होत्या. दारू घरच्या घरी एका रात्रीत बंद करू नका. इतक्या वर्षांच्या माणसाला पहिल्या तीन-चार दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो. ह्यांना त्यासाठी पाच दिवस भरती केलं, थायमिनची, म्हणजे बी-१ व्हिटॅमिनची, इंजेक्शनं दिली. अंडी आणि डाळ बंद करणं साफ चूक होतं. आटत चाललेल्या दंडाला तेच हवं होतं, शिवाय रात्री झोपण्याआधीही काहीतरी खायचं. बंद करायचं होतं ते मीठ : पापड, लोणचं, शेव-उसळ, लीलो चिवडो, म्हणजे जवळजवळ बडोदाच. अंगदुखीची गोळी मनानं घ्यायची नाही. आणि डांबरासारखी काळी चिकट शी, रक्ताची उलटी, पोट दुखून ताप, किंवा माणूस असंबद्ध बोलायला लागला, तर सकाळची वाट न बघता रात्रीच मोठं हॉस्पिटल गाठायचं.

नणंदेनं मध्येच कावीळ उतरवणाऱ्याकडे न्यायचा हट्ट धरला. चुन्याच्या पाण्यात ह्यांचे हात धुतले आणि पाणी पिवळं झालं. मी म्हटलं आता माझे धुवा. त्याला ते पटलं नाही.

अजून एक, डॉक्टरांनी दोनदा सांगितलेलं. हे तळवे, हे कोळी, हे पाणी, सगळं उशिरा दिसतं. सुरुवातीला लिव्हर काहीच बोलत नाही. माझं लिहिलेलं वाचून कुणी आपले हात उजेडात धरले, ते गुलाबी निघाले आणि तो खूश झाला, तर रोज पिणाऱ्यानं तसं खूश व्हायचं नाही, त्यानं रक्त तपासावं. घरी येणाऱ्या पोराकडून तपासलं तरी चालेल, फक्त फॉर्मवर खरं लिहा आणि कागद घेऊन माणसाकडे जा.

आता ऑक्टोबर आहे. रोज सकाळी हे एका वहीत सही करतात, डॉक्टरांनी लावून दिलंय, डोक्यावर परिणाम आहे का ते सहीत दिसतं. पानं चाळली की शेपटी हळूहळू लांब झालेली दिसते, ९ जुलैची सोडून. तिथे ती अर्ध्यात तुटलीय. मी विचारलं तर म्हणाले, पोट साफ व्हायचं औषध दोन दिवस घेतलं नाही. डोक्यापर्यंत पोचणारी घाण त्यानंच बाहेर पडते. ते खरं होतं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं डिकीतून आलं होतं.

कंपनीचा मेसेज दर महिन्याला येतो, अंकलच्या लिव्हरवर वीस टक्के सूट. परवा दिवाळीसाठी माप घेतलं : पोट ३९, दंड ११. सदरा कापलाय, बाही अजून जोडायची आहे. डिसेंबरमध्ये ह्यांच्या मित्राच्या मुलीचं लग्न आहे, दमणला. पत्रिका शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये पडलीय, येतो की नाही ते मी अजून कळवलेलं नाही.